अक्षता हातात असताना

मागच्या विधानसभा निवडणुकीच्या आधी, कार्तिकात, मांजलपूरला पुतण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सातवा मजला, भिंतींना अजून रंगाचा ओला वास आणि त्यात समिधांचा धूर मिसळलेला. पंखे बंद, खिडक्या सताड उघड्या, तरी सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. गुरुजी तरुण होते, पस्तिशीच्या आतबाहेरचे, महाराष्ट्रातल्या एका वेदपाठशाळेत शिकून बडोद्याला आलेले. त्यांनी शांतिसूक्त सुरू केलं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांची कुजबुज आपोआप थांबली. खर्जातला, घोटलेला आवाज. प्रत्येक अक्षर सुटं, स्वर जिथे पडायला हवा तिथेच पडणारा. मी दाराशी उभी होते. अंगावर काटा आला. असं म्हणणारं माणूस मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. हल्ली मोबाइलवर मंत्र लावून मधले मधले भाग गाळून कामं उरकतात, तसलं इथे काहीच नव्हतं. आग्नेय कोपऱ्यातली फरशी उचलून वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवून झाली, पूर्णाहुती झाली, आणि आशीर्वादासाठी सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या गेल्या. तेव्हा गुरुजी मध्येच थांबले. त्याच गंभीर आवाजात, आधी मराठीत आणि मग शेजाऱ्यांसाठी गुजरातीत, त्यांनी सांगितलं की येत्या मतदानाला या घरातल्या आणि इथे बसलेल्या प्रत्येकाने अमुक निशाणी लक्षात ठेवायची. हे धर्माचं काम आहे, आणि यात कसूर करणाऱ्याकडे वास्तुपुरुष पाहत असतो. दोघंतिघं हसली. कुणीतरी ‘हो हो’ म्हणालं. मग ‘तथास्तु’ झालं आणि अक्षता पडल्या.

जेवणं झाल्यावर बेसिनपाशी हात धुताना पुतण्याची बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला सहावा महिना होता. सॉफ्टवेअर कंपनीत वीसएक माणसं हाताखाली, स्वभावाने धीट, सासूशीही पटलं नाही तर स्पष्ट बोलणारी. नळ सुरूच ठेवून तिने हळू आवाजात विचारलं,

‘काकू, मी त्यांना मत नाही दिलं तर खरंच काही होणार नाही ना?’

‘छे गं, काय होणार आहे,’ असं मी म्हणाले, आणि तीही हसली. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. ती कुणाला मत देणार, याच्याशी मला काही घेणं नव्हतं. त्या उमेदवाराबद्दलही मला विशेष राग नव्हता. मला सलत होतं ते हे, की पोटातल्या बाळाची काळजी आणि मतपेटी या दोन गोष्टी एका माणसाने एका वाक्यात एकत्र बांधल्या, आणि ते त्याला जमलं ते त्याच्या आवाजामुळे. तेच वाक्य उमेदवाराच्या कार्यकर्त्याने जिन्यात उभं राहून म्हटलं असतं, तर हिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

हा आवाज कसा तयार होतो, ते मी लहानपणी पाहिलंय. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पहाटे ओटीवर बसून पाठ म्हणत. दशग्रंथी, म्हणजे वेद आणि त्याचे अंगग्रंथ मुखोद्गत असलेले. बारा वर्षं गुरूच्या घरी राहून शिकलेले. त्यांचे गुरू म्हणे मुलांची मान हातात धरून स्वर शिकवत: अनुदात्ताला खाली, स्वरिताला वर, म्हणजे चूक आधी मानेला कळायची आणि मग कानाला. कधी कधी, विशेषतः पावसाळ्यात, तात्यांचे एक जुने सहाध्यायी यायचे आणि मग दोघं समोरासमोर बसून घनपाठ म्हणायचे. तो प्रकार ऐकल्याशिवाय त्याची कल्पना येत नाही. ऋचेतला पहिला आणि दुसरा शब्द, मग उलट दुसरा आणि पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, मग तिसरा-दुसरा-पहिला, मग पुन्हा सरळ. आणि असं करत एकेक शब्द पुढे सरकायचं. प्रत्येक उलटापालटीत संधी बदलतो, संधीबरोबर स्वर बदलतो, आणि ते सगळं श्वास न चुकता, कागदाशिवाय. पद, क्रम, जटा, घन अशा या पायऱ्या माणसांनी मुद्दाम रचल्या, ऋग्वेदाच्या हजारावर सूक्तांतलं एक अक्षरही पिढ्यांच्या तोंडातून जाताना घसरू नये म्हणून. एक शब्द चुकला तर उलटं म्हणताना तो पकडला जातोच. 2003 साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा वारसा म्हटलं तेव्हा तात्या हयात नव्हते. असते तर वर्तमानपत्राची घडी घालून ठेवून पुन्हा पाठाला बसले असते, असं मला वाटतं. त्यांना त्या कामाचं मोल कुणी येऊन सांगायची गरज नव्हती.

पाठांतर हा अर्धाच भाग झाला. उरलेली कला माणसांची असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तेराव्याला आलेल्या घरात किती बोलायचं, बापाचं श्राद्ध पहिल्यांदा करणाऱ्या मुलाला पिंड ठेवताना किती वेळ द्यायचा, मुंजीत रडणाऱ्या बटूला केव्हा गप्प करायचं आणि केव्हा रडू द्यायचं, लग्नात दोन्हीकडच्या मंडळींचं मानपानावरून बिनसलेलं असताना मंगलाष्टकांचा मुहूर्त कसा साधायचा. तात्यांना हे येत होतं. एकदा खारीवाव रोडवरच्या एका घरी तरुण मुलगा गेला होता. दहाव्याला वडिलांच्या हातून दर्भ गळून पडला आणि ते उचलेचनात. तात्यांनी मंत्र थांबवले, पळी खाली ठेवली आणि ते नुसते बसून राहिले. बराच वेळ. मग वडिलांनी स्वतःच दर्भ उचलला. बरोबर गेलेल्या माझ्या वडिलांनी हे मला पुष्कळदा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलायचा.

आणि याच जागी ती सत्ता असते. पूजेला बसलेला माणूस बघा. बाहेर तो कारखाना चालवत असेल, न्यायाधीश असेल, घरात कुणाचं न ऐकणारा असेल. पाटावर बसला की ‘डोळ्यांना पाणी लावा’, ‘उजव्या हातात घ्या’, ‘मम म्हणा’ या प्रत्येक आज्ञेला तो निमूट मान देतो. का घ्यायचं, कशाला म्हणायचं, हे तो विचारत नाही, कारण बहुतेकदा विचारण्याइतकंही त्याला माहीत नसतं. दोन तास एक माणूस सांगतो आणि सगळं घर ऐकतं. शिवाय हे दोन तास घराच्या नाजूक दिवशीचे असतात: जन्म, लग्न, मरण, नवं घर. मन उघडं असतं. त्या उघड्या मनात गुरुजी जे ठेवतील ते आत जाऊन बसतं. चांगल्या गुरुजींना याची जाणीव असते आणि म्हणून ते जपून बोलतात.

तात्यांचा एक नेम होता. संकल्प सोडण्याआधी ते यजमानाला त्याचा अर्थ सांगत. ‘तुम्ही आत्ता म्हणणार आहात की अमुक शकात, अमुक ऋतूत, नर्मदेच्या उत्तर तीरावर बसलेला मी, अमक्या गोत्राचा, हे कर्म करतोय. पटतंय का? मग म्हणा.’ मराठी घरात मराठीत, गुजराती घरात गुजरातीत. लहानपणी मला वाटायचं, ही त्यांची हौस असेल. पुढे कळलं की यामागे बडोद्याचा एक कायदा होता.

1915 साली सयाजीराव महाराजांनी हिंदू पुरोहित कायदा केला. पौरोहित्य करायचं तर परीक्षा उतरावी लागेल, नुसतं पाठांतर चालणार नाही, अर्थ ठाऊक हवा आणि यजमानाला तो त्याच्या भाषेत सांगता यायला हवा. तात्यांच्या वडिलांनी चाळिशी उलटल्यावर ही परीक्षा दिली. घरात त्याचा राग बरीच वर्षं होता म्हणतात. ज्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या संहिता तोंडपाठ, त्याने सरकारी माणसांपुढे बसून उत्तरं द्यायची? पण त्यांनी दिली, उतरले, आणि त्या तयारीत त्यांना स्वतःलाच कळलं की आपण आयुष्यभर म्हणत आलो त्यातल्या कितीतरी मंत्रांचा अर्थ आपण कधी शोधलाच नव्हता. हे त्यांनी मुलाला सांगितलं आणि मुलाने, म्हणजे तात्यांनी, तो आपला नेम केला. पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, महाराजांच्या आश्रयाने गायकवाड ओरिएंटल सिरीजमधून जुनी संस्कृत पोथ्या-पुस्तकं छापून बाहेर यायला सुरुवात झाली. म्हणजे ज्या राजाने भटजींना परीक्षेला बसवलं त्यानेच त्यांच्या पोथ्या वाचवल्या. परंपरेचा द्वेष करणाऱ्याचं हे काम नव्हे. ती बंद दाराआड राहू नये, एवढंच त्याला हवं होतं.

या कायद्यामागे महाराजांचा स्वतःचा अनुभव होता. राजवाड्यातली धर्मकृत्यं पुराणोक्त पद्धतीने होत असत, कारण शास्त्रीमंडळींच्या मते वेदमंत्रांचा अधिकार त्यांना नव्हता. 1896 मध्ये महाराजांनी आपल्या घरची कृत्यं वेदोक्त पद्धतीने सुरू करवली, आणि बडोद्यातल्या वैदिकांत खळबळ उडाली. विचार करून बघा. ज्याच्या खजिन्यातून दक्षिणा जायची, ज्याच्या राज्यात ही मंडळी राहत होती, त्याच्या देवघरात कोणते शब्द उच्चारले जावेत हे दक्षिणा घेणारे ठरवत होते. आणि हे ठरवण्यासाठी त्यांना फौज लागली नव्हती. शब्द ठाऊक असणं आणि दुसऱ्याला ते ठाऊक नसणं, एवढंच पुरेसं होतं. आमच्या घरातली सांगोवांगी अशी की तात्यांचे आजोबा त्या वेळी विरोध करणाऱ्यांत होते. ते चांगले घनपाठी होते. त्यांच्या विद्येबद्दल मला आजही अभिमान वाटतो आणि त्या विद्येचा त्यांनी जो उपयोग केला त्याची लाज वाटते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटतात, याला माझा इलाज नाही.

कोल्हापुरात हेच पुढे काही वर्षांनी पंचगंगेच्या काठी घडलं, आणि तिथे शाहू महाराजांनी 1902 मध्ये राजोपाध्यांचं वतन जप्त करण्यापर्यंत गोष्ट गेली. ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की दोन्ही ठिकाणी भांडण देवाबद्दल नव्हतं. देवाला पुराणोक्त आणि वेदोक्त यांत काय फरक पडणार! भांडण होतं पायरीचं: कोण वर, कोण खाली, आणि ते ठरवण्याचा हक्क कुणाच्या तोंडात. पुण्यात ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहासाठी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तेही याच हक्कापायी. पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेला माणूस चहाच्या पेल्यावरून धर्माच्या कोर्टात आरोपी होता.

आमच्या शेजाऱ्यांच्या, म्हणजे गुजराती वैष्णवांच्या इतिहासात याहून मोठं प्रकरण आहे. करसनदास मूळजींनी 1860 मध्ये आपल्या पत्रातून पुष्टिमार्ग संप्रदायाच्या महाराजांवर, म्हणजे धर्मगुरूंवर, भाविकांच्या बायकामुलींच्या बाबतीतल्या त्यांच्या वागणुकीवर लिहिलं, आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1862 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो दावा चालला आणि करसनदास जिंकले. त्यात महाराजांच्या आजाराबद्दल साक्ष द्यायला उभे राहिले ते आपले डॉ. भाऊ दाजी लाड. माझी एक वैष्णव मैत्रीण आहे, मंगळबाजारात जन्मलेली, रोज सकाळी हवेलीत दर्शनाला जाणारी. तिने एकदा मला सांगितलं की तिच्या पणजीच्या काळात घरात करसनदासांचं नाव काढायची बंदी होती, आणि आता तिच्या नातीने शाळेत त्यांच्यावर भाषण केलं. ‘पण मी हवेलीत जाणं सोडलं नाही,’ ती म्हणाली, ‘ठाकोरजी ज्याच्या त्याच्या मालकीचे थोडेच आहेत!’ मला तिचं म्हणणं पटलं.

सकाळी मी सयाजीबागेत फिरायला जाते. आम्ही जुनी माणसं अजून कमाटीबागच म्हणतो. 1917 च्या सप्टेंबरात बाबासाहेब आंबेडकर इथल्याच एका झाडाखाली बसले होते, परदेशातून शिकून आलेला दरबारचा अधिकारी, पण पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर शहरात राहायला जागा मिळेना. तिथून जाताना मला दर वेळी तारखा आठवतात. पुरोहित कायद्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. याच बडोद्यात भटजी अर्थासकट परीक्षा देत होते, आणि याच बडोद्यात त्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर द्यायला कुणी तयार नव्हतं. शिवाशिवीचं बीज पुरोहितांनी पेरलं असलं, तरी एव्हाना ते प्रत्येक घरमालकाच्या अंगणात आपोआप उगवत होतं. त्याला ना मंत्र लागत होता ना भटजी. कायदा तिथवर पोचला नाही. पुढे 1936 मध्ये लाहोरच्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी मांडलं की पुरोहितपण वंशाने मिळू नये, कुणाही हिंदूला परीक्षा देऊन ते मिळावं, सनदेशिवाय केलेलं कर्म कायद्याने ग्राह्य धरू नये. वंशाचा हक्क मोडणारं वाक्य यात पहिलंच आहे.

असो. त्या वास्तुशांतीनंतर काही दिवसांनी मी गुरुजींना फोन केला. भांडायला नव्हे. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आधी त्यांच्या म्हणण्याचं मनापासून कौतुक केलं, कारण ते कौतुकाला पात्रच होतं. तात्यांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. मग सूनबाईचा प्रश्न त्यांच्या कानावर घातला. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ते म्हणाले, ‘ताई, त्या पोरीला भीती वाटावी असं माझ्या मनात नव्हतं. पण तुम्ही आमच्या पाठशाळेत या एकदा. अठ्ठावीस मुलं आहेत. तीन पावसाळे आम्ही गळक्या पत्र्याखाली काढले. सगळ्यांकडे गेलो. स्लॅब कुणी घातला, तर त्या माणसाने. त्याने मागितलं काय, तर निवडणुकीच्या दिवसांत जिथे जाल तिथे दोन शब्द. मी नाही कसं म्हणू?’ आणि मग, थोडं थांबून: ‘तुमच्या पुतण्याने फ्लॅटला सत्तर लाख घातले. दक्षिणा किती दिली ते विचारा.’

मी विचारलं नाही. मला अंदाज होता.

हे बोलणं मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. माणूस लबाड निघाला असता तर सोपं होतं. हा माणूस बारा वर्षं शिकला, मुलांबरोबर तीन पावसाळे गळक्या छपराखाली राहिला, आता दिवसाला तीन-चार ठिकाणी स्कूटरवरून जातो, पूजेच्या घाईत दुपारचं जेवण संध्याकाळी घेतो, आणि वेदपाठी म्हटल्यावर लग्नाला मुलगी मिळताना किती हाल होतात ते वेगळंच. त्याच्या विद्येला आपण पैशांत मोजत नाही असं अभिमानाने सांगतो, आणि मग खरोखरच मोजत नाही. मांडववाल्याला, केटररला, फोटोग्राफरला ठरलेले पैसे आधी जातात. गुरुजींच्या हातात पाकीट शेवटी, तेही ‘समजून घ्या’ म्हणत. रिकामी राहिलेली जागा दुसरं कुणीतरी भरतं, आणि भरणारा फुकट भरत नाही. पेशव्यांच्या काळात पुण्याला श्रावणात रमणा नावाच्या आवारात दक्षिणा वाटली जायची, इथे गायकवाडांच्याही दरबारात श्रावणमासाची दक्षिणा होती. त्या दक्षिणेनेही विद्वान पोसले आणि त्याच वेळी त्यांना दरबाराशी बांधून ठेवलं. आता दरबार गेले आणि त्यांच्या जागी हे आलेत. फरक एकच दिसतो. राजाला मतं लागत नव्हती, यांना लागतात, आणि मतं घराघरांत असतात, जिथे गुरुजी जाऊ शकतात.

तरीही. गरज समजली म्हणून ते वाक्य बरोबर ठरत नाही. आपल्याकडे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम 123 मध्ये, धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचरणात येतंच. पण त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, जी मला वकील भाच्याने दाखवली. अमुक केलंस किंवा नाही केलंस तर तुझ्यावर किंवा तुझ्या माणसावर दैवी कोप होईल, असं मतदाराला वाटायला लावणं, हाही गैरवाजवी प्रभाव. कायदा लिहिणाऱ्यांना हा देश ठाऊक होता. त्यांना ठाऊक होतं की इथे पैसा आणि लाठी यांच्याइतकीच भीती चालते, आणि भीती घालायला अक्षतांचे चार दाणेही पुरतात. 2017 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा निकालाने या कलमाचा अर्थ रुंद केला. मतदाराच्या धर्माचा, जातीचा दाखला देऊन मत मागणंही त्यात आणलं. पण सातव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, बंद दाराआड, धुरात, कोण साक्षीदार उभा राहणार? सगळ्यांच्या हातात अक्षता होत्या. सगळे नातेवाईक होते. कायद्याला तिथे वाट नाही.

वाट होती ती तात्यांच्या नेमात. मी त्यांची जुनी वही काढली. निळी शाई आता तपकिरी झाली आहे, पण अक्षर स्वच्छ. वास्तुशांतीच्या मंत्रांखाली त्यांनी मराठीत अर्थ लिहून ठेवलाय. वही घेऊन एका रविवारी मी मांजलपूरला गेले आणि सूनबाईला ‘वास्तोष्पते’ने सुरू होणारी ऋचा वाचून दाखवली, ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातली. घराच्या देवा, आम्हाला ओळख. आमचा प्रवेश सुखाचा कर, आम्हाला रोगराई नको. आम्ही तुझ्याकडे जे मागतो ते आवडीने ऐक. आमच्या दोन पायांच्यांचं आणि चार पायांच्यांचं कल्याण कर. ती लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, ‘पुन्हा वाचा.’ मी पुन्हा वाचलं. ‘यात धमकी कुठेच नाही,’ ती म्हणाली. ‘ओळख म्हणतोय फक्त. नवीन बिऱ्हाडकरू घरमालकाशी बोलेल तसं.’ मग पोटावर हात ठेवून तिने विचारलं की चार पायांचे कोण, आणि मी सांगितलं, गाई-गुरं, तेव्हा तिने खाली पार्किंगमध्ये जिला ती रोज दूध घालते त्या मांजरीचं नाव घेतलं. त्या दिवसानंतर तिने पुन्हा तो विषय काढला नाही. भीती समजावून जात नाही असं म्हणतात. पण निदान या एका भीतीचं मूळ मंत्रात नव्हतं, मंत्र न कळण्यात होतं, आणि ते आम्ही दोघींनी अर्ध्या तासात पाहून घेतलं.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने हे काम किती वर्षं चालवलंय. स्त्रिया पौरोहित्य करतात, कुठल्याही जातीच्या व्यक्तीला शिकता येतं, अर्थ मराठीत सांगून विधी होतात. माझ्या एका मामेबहिणीच्या मुलीचं लग्न तसं झालं, आणि सप्तपदीतलं प्रत्येक पाऊल का टाकायचं ते वधूवरांना आधी कळलेलं होतं. मला ते फार आवडलं. आणि खरं सांगायचं तर मला तिथे घनपाठाचा आवाजही आठवला, त्याची उणीव जाणवली. दोन्ही पाहिजे असं वाटणं हा लोभ असेल, पण मला तो सोडवत नाही. अर्थ उघडा हवा, दार सगळ्यांना उघडं हवं, आणि ते स्वर, मान धरून शिकवलेले, बारा वर्षांचे, तेही हवेत. एक हवं म्हणून दुसरं टाकून द्यावं, असं कुठे लिहिलंय?

म्हणून गेल्या वर्षी आम्ही दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या काही घरांनी मिळून ठरवलं की त्या पाठशाळेला दर महिन्याला नेमाने काहीतरी द्यायचं, म्हणजे पुढच्या स्लॅबसाठी तरी कुणाच्या दारात जायला नको. सगळ्यांना पटलं असं नाही. एक निवृत्त शिक्षक स्पष्ट म्हणाले, भटांना पोसायचं काम आम्ही का करू, पुरे झालं तीनशे वर्षं. त्यांच्या घराण्याने काय सोसलंय ते मला माहीत आहे. मी वाद घातला नाही. पण त्यांनी जाता जाता एक प्रश्न विचारला: ‘माझ्या नातवाला घेतील का हो तिथे? त्याचा आवाज फार चांगला आहे.’ हा प्रश्न मी पत्रात जसाच्या तसा लिहिला. पैशांबरोबर तीन अटी घातल्या. पूजेच्या आसनावरून कुणासाठीही मत मागायचं नाही. मुलांना पाठांतराबरोबर अर्थ शिकवायचा आणि तो यजमानाला सांगायची सवय लावायची. आणि प्रवेश आवाज आणि बुद्धी पाहून द्यायचा, जात पाहून नाही.

संस्थेचं उत्तर आलं. पहिली अट मान्य. दुसरी मान्य, उलट आनंदाने, गुरुजींनी स्वतः खाली दोन ओळी लिहिल्या होत्या की अर्थाचा तास सुरू केला आहे आणि मुलं प्रश्न फार विचारतात. तिसऱ्या अटीसाठी विश्वस्तांची बैठक घ्यावी लागेल. त्यानंतर दोन बैठका झाल्याचं कळलं. निर्णय अजून नाही. ठरवलेली रक्कम आम्ही बँकेत वेगळी ठेवली आहे. तांदूळ, तूरडाळ आणि तेल मात्र महिन्याच्या महिन्याला पाठवतो, कारण त्या अठ्ठावीस मुलांनी कुणाचं काही केलेलं नाही, आणि शिक्षकांच्या नातवाला मी सध्या बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी तात्यांच्या वहीतून जेवढं मला येतं तेवढं शिकवते.